वेणीची सावली

प्रवेशाच्या आठवड्यात आमच्या विद्यापीठाच्या आवारात एक्स-रेची गाडी येऊन उभी राहायची. शुल्काची पावती, दोन फोटो आणि गुणपत्रिकेच्या प्रती सांभाळत रांगेत सरकायचं. आत गेलं की गळ्यातलं काढायचं, हनुवटी थंडगार पाटीवर टेकवायची, हात कमरेवर, खांदे पुढे. ‘श्वास घ्या... रोखा... सोडा. पुढचा नंबर.’ सगळं मिळून दीड मिनिट. चार दिवसांनी फाइलवर ‘फिट’ असा निळा शिक्का पडायचा आणि मगच वसतिगृहाची किल्ली हातात यायची.

माझ्या खोलीत जी मुलगी येणार होती तिला किल्ली मिळाली नाही. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला डाग आहे, असं अहवालात आलं होतं. डॉक्टरांच्या तोंडी ‘डाग’ म्हणजे फिल्मवरची पांढुरकी जागा. घरी फोनवरून तो शब्द पोचतो तेव्हा त्याचा अर्थ तेवढाच राहत नाही; आपल्याकडे डाग कपड्याला पडतो आणि माणसालाही लागतो. बारा दिवस ती दूरच्या एका नातेवाइकांकडे राहिली. तिथं तिचं ताट-वाटी-पेला आपोआप वेगळं झालं. थुंकीचे नमुने दिले, रक्त दिलं, पुन्हा रांगा लावल्या. बाराव्या दिवशी एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी ती फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, जरा वेळ पाहिली आणि विचारलं, ‘फोटो काढला तेव्हा वेणी पुढे होती का ग?’ केस वर बांधून दुसरा फोटो काढला. डाग नाही.

जाड वेणी खांद्यावरून पुढे आली की फुफ्फुसाच्या शेंड्यावर तिची सावली पडते, आणि क्षयरोगालाही नेमकी तीच जागा आवडते. एक्स-रे वाचणाऱ्यांना हे शिकवलेलं असतं. पण दिवसाला काहीशे फिल्म डोळ्यांखालून घालणारा माणूस प्रत्येक वेळी वेणी आठवेलच असं नाही.

हा किस्सा मी कित्येक वर्षं गंमत म्हणून सांगत होते. नव्या विद्यार्थ्यांच्या सरसकट एक्स-रेची बाजू कुणी हिरिरीनं मांडू लागलं की आता मला तो गमतीचा वाटत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: प्रवेशाच्या दिवशी सगळ्यांच्या छातीचा फोटो काढण्याचा उपयोग बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यापेक्षा फाइललाच जास्त होतो. जिथं तो खरोखर विद्यार्थ्याच्या कामाचा आहे अशीही ठिकाणं आहेत, पण तिथं नुसता फोटो काढून भागत नाही.

या प्रथेमागचा हेतू मात्र अजिबात वाईट नव्हता. रिओ दि जानेरोमध्ये मानुएल दे अब्रेउ या डॉक्टरांनी १९३६ मध्ये एक युक्ती काढली. चमकणाऱ्या पडद्यावर उमटलेली छातीची प्रतिमा साध्या कॅमेऱ्यानं छोट्या फिल्मवर टिपायची. मोठी महागडी फिल्म वाचली आणि कमी वेळात पुष्कळ माणसं तपासता येऊ लागली. ब्राझीलमध्ये या फोटोला त्यांच्याच नावावरून ‘अब्रेउग्राफिया’ म्हणतात. क्षयावर औषध नव्हतं तो काळ. रोग लवकर दिसला तर माणसाला निदान वेगळं ठेवता येईल, विश्रांती देता येईल, एवढीच आशा होती. पुढं औषधं आली तेव्हा या मोहिमांना आणखी बळ मिळालं. १९५७ च्या मार्च-एप्रिलमध्ये ग्लासगो शहरात पाच आठवड्यांत सात लाखांहून अधिक लोकांचे छातीचे फोटो निघाले आणि दोन हजारांहून अधिक रुग्ण हाती लागले. रोग सर्वत्र पसरलेला, बरा करणारी औषधं नुकतीच हाती आलेली, आणि सापडलेल्याला ती लगेच मिळण्याची सोय. या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या की एक्स-रेची गाडी हे वरदानच.

त्यातली पहिली गोष्ट बदलली की हिशेबही बदलतो. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात कोलिन नावाच्या जिल्ह्यात साठच्या दशकात ठरावीक वर्षांनी सगळ्या प्रौढांचे एक्स-रे काढले गेले, आणि काय सापडतं यावर बारीक नजर ठेवली गेली. थुंकीत जंतू असलेले, म्हणजे इतरांना लागण देऊ शकणारे बहुतेक रुग्ण दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात आजारी पडत होते आणि खोकला घेऊन आपल्या पायांनी दवाखान्यात येत होते. गाडीची पुढची फेरी येईपर्यंत रोग थांबत नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या क्षयरोगविषयक तज्ज्ञ समितीनं १९७४ मध्ये सरसकट एक्स-रे मोहिमा बंद कराव्यात असं सांगितलं, त्यामागं अशाच अनुभवांचं गाठोडं होतं. पन्नास वर्षं उलटून गेली तरी अनेक विद्यापीठांच्या प्रवेश अर्जात ‘छातीचा एक्स-रे जोडावा’ ही ओळ तशीच आहे. अर्जातली ओळ घालायला एक बैठक पुरते; काढून टाकायची जबाबदारी मात्र कुणाचीच नसते.

आता आकड्यांकडे येते, कारण खरी मेख तिथं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत छातीच्या एक्स-रेचे गुणदोष दिले आहेत. क्षयासारखी वाटणारी खूण पाहून निवड केली तर शंभर खऱ्या रुग्णांतले साधारण ८५ सापडतात, आणि रोग नसलेल्या शंभरांपैकी ९६ जणांना एक्स-रे बरोबर ‘नाही’ म्हणतो. ऐकायला उत्तम. म्हणून तर कुलगुरूंच्या टेबलावर हा प्रस्ताव सहज पास होतो.

पण समजा, दहा हजार नवे विद्यार्थी आहेत आणि त्यांच्यात लाखाला ५० या प्रमाणात क्षय आहे. म्हणजे दहा हजारांत पाच जण. त्यातले चार फोटोत सापडतील. उरलेल्या ९,९९५ निरोगी पोरांपैकी शंभरातल्या चौघांना, म्हणजे जवळपास ४०० जणांना, ‘डाग आहे’ असा कागद मिळेल. बोलावलेल्या शंभरात एक खरा रुग्ण, बाकीचे नव्व्याण्णव वेणीवाले. रोगाचं प्रमाण लाखाला १० असेल तर दहा हजारांत रुग्ण एकच, तोही सापडेलच याची खात्री नाही, आणि हकनाक धावपळ करणारे तेच ४००. आता प्रमाण लाखाला ५०० धरा. दहा हजारांत पन्नास रुग्ण, त्यातले बेचाळीसएक सापडतील, खोटी हाक अजूनही ४०० च्याच घरात. पण आता बोलावलेल्या साधारण दहांतला एक खरा निघतो. फोटो तोच, यंत्र तेच, वाचणारा डॉक्टरही तोच. फरक पडला तो रांगेत कोण उभं आहे याचा. सर्वसाधारण लोकसंख्येची अशी सरसकट तपासणी करायची तर रोगाचं प्रमाण निदान अर्धा टक्का, म्हणजे लाखाला ५००, असावं, असं त्याच सूचनांत म्हटलं आहे. तो उंबरठा याच गणितात बसतो.

इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अठरा वर्षांच्या मुलांची फुफ्फुसं म्हाताऱ्यांपेक्षा स्वच्छ असतात, जुने व्रण कमी असतात, त्यामुळे खोट्या हाका माझ्या हिशेबापेक्षा कमी निघतील. पण शून्य होणार नाहीत. मानेशी एखादी जादा बरगडी असते, बरगडीला फाटा फुटलेला असतो, लहानपणी येऊन गेलेल्या जंतूची चुन्यासारखी गाठ राहिलेली असते, स्तनाग्राची सावली गोल गाठीसारखी दिसते. यातलं काहीही रोग नाही. तरी फिल्मवर दिसलं की कुणाला तरी त्याबद्दल लिहावं लागतं, आणि लिहिलं की कुणाला तरी पुन्हा तपासावं लागतं.

त्यात वाचणाराही माणूसच. १९४० च्या दशकात अमेरिकेत जेकब येरुशल्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नामवंत वाचकांपुढे छातीच्या त्याच त्या फिल्म ठेवल्या. ज्या फिल्ममध्ये दोष होता त्यातला साधारण पाव हिस्सा एकेका वाचकाच्या नजरेतून सुटत होता. त्याहून मासलेवाईक गोष्ट अशी की तीच फिल्म काही काळानं त्याच माणसापुढे ठेवली तर तो बऱ्याचदा आपलंच आधीचं मत खोडून काढायचा. आता संगणक फिल्म वाचतो, आणि पंधरा वर्षांवरच्यांसाठी असं वाचन चालेल असं २०२१ च्या सूचनांतही आहे. संगणक थकत नाही, हा मोठाच फायदा. मात्र संगणकानं फिल्मला दिलेल्या किती गुणांच्या वर ‘डाग’ म्हणायचं ही रेघ माणसानंच आखायची असते. रेघ खाली आणली की वेणीवाले वाढतात, वर नेली की खरे रुग्ण निसटतात.

एक्स-रेच्या वादात सगळ्यात वजनदार मुद्दा आहे तो किरणांचा नव्हे, लक्षणांचा. किरणांची भीती खरं तर फारशी मनावर घेण्याजोगी नाही. छातीच्या एका साध्या फोटोत साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांचं माप) किरण मिळतात, आणि पृथ्वीवर नुसतं राहिल्याबद्दल निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे एक फोटो म्हणजे तीन दिवसांचं ते पंधरवड्याचं जगणं. (छातीचा सीटी स्कॅन ही वेगळी गोष्ट; त्यात सुमारे ७ मिलिसिव्हर्ट, जवळपास तीन वर्षांची बेगमी.) तेव्हा किरणांच्या नावानं गळा काढणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही.

लक्षणांचं तसं नाही. लोकसंख्येत शिरून तपासणी केली तर क्षयाचे जंतू सापडलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक ‘मला काही होत नाही’ असंच सांगतात, हे अनेक देशांच्या सर्वेक्षणांत दिसलं आहे. भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एक्स-रे वगळून फक्त लक्षणं विचारली असती तर सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण हातून सुटले असते. खोकला नाही, ताप नाही, आणि फुफ्फुसात रोग धुमसतो आहे. अशा मुलाला प्रश्नावली काय पकडणार? आणि तो चौघांच्या खोलीत झोपणार, बंद वर्गात बसणार, भोजनगृहात शेजारी जेवणार. या युक्तिवादाला माझ्याकडे उडवाउडवीचं उत्तर नाही. जिथं रोगाचं प्रमाण मोठं आहे, तिथून येणाऱ्या किंवा घरात रुग्ण असलेल्या विद्यार्थ्याचा एक्स-रे काढलाच पाहिजे. त्याला खोकला असो वा नसो.

पण याच युक्तिवादाचं दुसरं टोक फारसं कुणी धरत नाही. क्षयाच्या जंतूची लागण होणं आणि क्षय होणं यात महिने जातात, कधी वर्षं. जगातल्या सुमारे पाव लोकांच्या शरीरात हा जंतू निपचित पडून आहे असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या शेकडा पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधी तरी रोग होतो. झालाच तर लागण झाल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत धोका सर्वांत जास्त. निपचित जंतू एक्स-रेला दिसत नाही. त्यासाठी कातडीत सुई टोचून करायची मॅन्टू चाचणी किंवा रक्ताची चाचणी लागते, आणि लहानपणी बीसीजीची लस घेतलेली असेल तर मॅन्टूचा निकाल घोटाळ्यात टाकतो. म्हणजे प्रवेशाच्या दिवशीचा स्वच्छ फोटो सांगतो ते इतकंच, की आज सकाळी साडेअकरा वाजता या छातीत ठळक असं काही नव्हतं. पुढच्या सहा सत्रांबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. आपण मात्र त्यावर ‘फिट’ असा शिक्का मारतो, आणि तो शिक्का तीन वर्षं पुरवतो.

या शिक्क्याचा खरा तोटा तेव्हा कळतो जेव्हा दुसऱ्या वर्षाला कुणी तरी खोकत आरोग्य केंद्रात जातो आणि फाइल पाहून त्याला सांगितलं जातं, ‘तुझा एक्स-रे तर नॉर्मल आहे.’

देशोदेशी या प्रश्नाची उत्तरं वेगळी आहेत. जपानमध्ये विद्यापीठात प्रवेश घेतलेल्या वर्षी छातीचा एक्स-रे काढणं कायद्यानंच बंधनकारक आहे. क्षयाशी झुंजण्यात त्या देशाची कित्येक दशकं गेली; २०२१ मध्ये नव्या रुग्णांचं प्रमाण पहिल्यांदा लाखाला दहाच्या खाली आलं. ज्या रोगासाठी शिस्त लावली तो ओसरू लागला की शिस्तीचं काय करायचं, हा प्रश्न आता त्यांच्यापुढे आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन आरोग्य संघटनेची शिफारस उलट क्रमाची आहे: आधी सगळ्यांना प्रश्न विचारा. कुठं राहिलात, कुणाच्या सहवासात होता, काही त्रास आहे का. ज्यांच्या उत्तरात धोका दिसेल त्यांचीच लागणीची चाचणी, आणि ती सकारात्मक आली तर एक्स-रे. मला हा क्रम पटतो, एवढीच दुरुस्ती सुचवून की रोगाचा प्रादुर्भाव मोठा असलेल्या भागातल्या मुलांसाठी एक्स-रे शेवटच्या पायरीवर न ठेवता पहिल्या पायरीवर आणावा.

आणखी एक भीती आहे. एकदा गाडी आवारात आली की तिच्यात आणखी यंत्रं चढवण्याचा मोह होतो. छातीचा फोटो काढतोच आहोत तर हृदयाची सोनोग्राफी का नको, पोटाची का नको, मानेची का नको? दक्षिण कोरियात १९९९ नंतर कर्करोगाच्या राष्ट्रीय तपासणीला जाणाऱ्यांना थोडे जादा पैसे भरून गळ्याची सोनोग्राफी करून घेता येऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं. मरणाऱ्यांचा आकडा मात्र जागचा हलला नाही. म्हणजे जे सापडत होतं त्यातलं बहुतेक कधीच त्रास देणारं नव्हतं. पण सापडल्यावर हजारो लोकांच्या गळ्यातली ग्रंथी काढली गेली आणि जन्मभराच्या गोळ्या मागं लागल्या. धडधाकट माणसाच्या अंगात शोधायला बसलं की काही ना काही सापडतंच. विद्यार्थी हा तर माणसाच्या आयुष्यातला सर्वांत धडधाकट प्राणी.

संमतीचाही प्रश्न आहे, आणि तो मला गणिताइतकाच महत्त्वाचा वाटतो. प्रवेशाच्या रांगेतला अठरा वर्षांचा मुलगा कशालाच नाही म्हणत नाही. याचा एक विचित्र दाखला अमेरिकेत आहे. हार्वर्ड, येल, वेलस्ली, व्हॅसार अशा नावाजलेल्या संस्थांत विसाव्या शतकाच्या मध्यावर नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांचे शरीराची ठेवण तपासण्याच्या नावाखाली उघडे किंवा जवळपास उघडे फोटो काढले जात. पाठीचा बाक शोधायचा, असं सांगितलं जाई. डब्ल्यू. एच. शेल्डन नावाच्या संशोधकानं त्यातले कितीतरी फोटो माणसाच्या बांध्यावरून त्याचा स्वभाव ठरवण्याच्या आपल्या सिद्धांतासाठी वापरले. पुढं तो सिद्धांत मोडीत निघाला. फोटो मात्र दशकानुदशकं कपाटांत राहिले. छातीचा एक्स-रे आणि तो प्रकार एक नव्हे, हे मला कळतं. पण दोन्ही रांगांत उभं असलेलं पोर तेच, आणि ‘सगळ्यांचाच काढतात’ हे उत्तरही तेच. ही फिल्म कोण पाहणार, कुठं राहणार, कधी नष्ट होणार, याची एक ओळ तरी प्रवेश अर्जात असावी.

मग करायचं काय? माझ्या हाती कारभार आला तर मी गाडीच्या दिवसाचा पैसा आरोग्य केंद्राच्या दाराला लावीन. ते दार संध्याकाळी वर्ग सुटल्यावर उघडं हवं. दोन आठवडे खोकला असला तर प्रश्न न विचारता त्याच दिवशी थुंकीची तपासणी आणि एक्स-रे व्हावा. एका खोलीत किती खाटा आणि खिडक्या उघडतात का, हे कुणी तरी दर सत्राला पाहावं. जंतूला दाटीवाटीची बंद हवा भारी आवडते. आणि सगळ्यात आधी लेखी हमी हवी: क्षय निघाला म्हणून तुझी जागा जाणार नाही, वर्ष जाणार नाही. नेहमीच्या औषधांना दाद देणारा क्षय साधारण सहा महिन्यांच्या उपचारानं बरा होतो, आणि योग्य औषधं सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच लागण देण्याची शक्यता खूप घटते. ही हमी नसेल तर प्रश्नावलीत कुणीही खरं लिहिणार नाही. मीही लिहिलं नसतं. आमच्या फॉर्मवर ‘घरात कुणाला क्षय होता का’ या प्रश्नापुढं आमच्या अख्ख्या मजल्यावरच्या मुलींनी ‘नाही’ लिहिलं होतं.

मनाचं दुखणं तर या गाडीला दिसतच नाही. १५ ते २९ या वयात जगभरात मरणाचं तिसरं मोठं कारण आत्महत्या आहे. नव्या गावात, नव्या खोलीत, पहिल्या सत्रात एकटं पडलेलं पोर ओळखायला यंत्र लागत नाही, कुणी तरी विचारणारं लागतं. त्यासाठी कुठलाच शिक्का नाही, म्हणून अंदाजपत्रकात रकानाही नाही.

आमच्या वसतिगृहातली गोष्ट अर्धीच सांगितली. तिसऱ्या सत्रात आमच्याच मजल्यावरची एक मुलगी दोन महिने खोकत होती. फाइलवर शिक्का ‘फिट’. आरोग्य केंद्रातून दोनदा खोकल्याचं औषध घेऊन आली. शेवटी थुंकीत जंतू निघाले तेव्हा प्रवेशाच्या वेळची तिची फिल्म शोधून काढली गेली, कुणाची चूक झाली ते ठरवायला. चूक कुणाचीच नव्हती. फिल्म स्वच्छ होती.

पुढच्या वर्षी एक्स-रेची गाडी पुन्हा त्याच जागी उभी राहिली. दारावर एक नवी पाटी लावलेली होती: ‘मुलींनी केस वर बांधून यावे.’